सभागृहे उघडली, आता सभा भरवा

अखेर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन शहरांना आपापली सभागृहे परत मिळाली. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाण्यातून १३१ आणि कल्याण-डोंबिवलीतून १२२ नगरसेवक निवडून आले. त्यांपैकी कल्याण-डोंबिवलीतील काही जण तर बिनविरोधच आले, आणि पाच वर्षे ताटकळलेल्या मतदाराला त्या जागांपुरते मत नोंदविण्याची संधीही मिळाली नाही. तरीही या घटनेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. कल्याण-डोंबिवलीच्या आधीच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली होती, ठाण्याची २०२२ च्या मार्चमध्ये. एका शहराने पाच वर्षांहून अधिक काळ आणि दुसऱ्याने जवळजवळ चार वर्षे एकही लोकनियुक्त नगरसेवक नसताना काढली. प्रथम साथीचे कारण झाले, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे, मग प्रभागरचनेचे. आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला नसता तर चौथे कारणही सापडले असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

हा विषय आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत तो निवडणुकीच्या हारजितीचा हिशेब मांडण्यासाठी नव्हे. तो हिशेब आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. आम्हांस चिंता आहे ती या मधल्या काळाची. कारण लोकप्रतिनिधी नसलेली ही वर्षे रिकामी गेली नाहीत. या दोन शहरांच्या रूपात इतका झपाट्याने बदल आधीच्या कोणत्याही चार-पाच वर्षांत झाला नसेल. चौकाचौकांत कॅमेरे उभे राहिले, त्यांची चित्रे एका दालनात आणणारे नियंत्रण कक्ष झाले, कर भरणे आणि तक्रार करणे भ्रमणध्वनीवर आले, मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यभागी चढले, डोंगराखालून ठाण्याहून बोरिवलीस जाणाऱ्या जोडबोगद्याचे काम सुरू झाले. यांतील बहुतेक गोष्टी आवश्यक होत्या. काही तर फार पूर्वीच व्हावयास हव्या होत्या. परंतु त्या कोठे व्हाव्यात, कोणत्या क्रमाने व्हाव्यात आणि त्यांच्यासाठी काय बाजूला सारावे, हे ठरत असताना ज्यांच्या अंगणात त्या होत होत्या त्यांना बोलण्यासाठी जागाच नव्हती. प्रशासक कर्तबगार असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. तथापि आयुक्ताने प्रस्ताव मांडावा आणि प्रशासक या नात्याने त्यानेच तो संमत करावा, या पद्धतीला सभा म्हणता येत नाही.

या प्रकाराची सुरुवात प्रशासकीय राजवटीने झाली असे मात्र नाही. ती स्मार्ट सिटी अभियानापासूनच झाली होती. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने हे अभियान जाहीर केले आणि २०१६ च्या सप्टेंबरात नागपूर, नाशिक, औरंगाबाद यांच्याबरोबर ठाणे व कल्याण-डोंबिवली यांची निवड झाली. प्रत्येक शहराला केंद्राकडून ५०० कोटी रुपये, आणि राज्य व महापालिका यांनी मिळून तितकीच भर घालावयाची, असा तो व्यवहार होता. मात्र हा पैसा महापालिकेने खर्च करावयाचा नव्हता. त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढण्याची अट होती, राज्य व महापालिका यांची तीत समसमान भागीदारी. शेजारच्या नवी मुंबईच्या महासभेने २०१५ च्या डिसेंबरात याच अटीवर बोट ठेवून प्रस्ताव फेटाळला होता. त्या वेळी त्या निर्णयाला पक्षीय आडमुठेपणा म्हणून पुष्कळांनी नावे ठेवली. पक्षीय हेतू त्यात नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शहराचा विकास संचालक मंडळाच्या बैठकीत ठरू लागला की सभागृहाला काय उरते, हा त्या महासभेचा प्रश्न आज दहा वर्षांनी तितकाच खरा वाटतो.

३१ मार्च २०२५ रोजी अभियानाची मुदत संपली. कामे काय झाली, काय अर्धी राहिली, याची तपशीलवार झडती घेण्याचे हे स्थळ नव्हे. कल्याणचे स्थानक आणि त्याचा परिसर, काळा तलाव, ठाण्यातील तलाव, कोपरीकडील स्थानकाची बाजू, कोलशेतपासून पारसिकपर्यंतचे खाडीकिनारे, ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान मनोरुग्णालयाच्या जमिनीवरील नवे स्थानक, अशी ती यादी होती. काही कामे डोळ्यांना सुखावतात. काळ्या तलावाच्या काठावर सायंकाळी माणसे बसतात, मुले खेळतात, हे चांगलेच झाले. पण याच काळात कल्याणच्या पत्री पुलाने नागरिकांची जी परीक्षा पाहिली तीही विसरता येत नाही. शंभरी उलटलेला तो पूल २०१८ साली बंद झाला आणि त्याच्या जागी नवा पूल खुला होण्यास २०२१ चा जानेवारी उजाडला. शहर ‘स्मार्ट’ होत असलेल्या वर्षांत एका पुलासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लोक कोंडीत उभे होते, आणि ती कोंडी किती लांब आहे हे सांगण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. ठाण्यातही २०१८ साली तेल अवीवच्या धर्तीवर ‘डिजिठाणे’ नावाचा उपक्रम वाजतगाजत सुरू झाला होता. आज किती ठाणेकरांना ते नाव आठवते हे वाचकांनी आपल्या शेजाऱ्यास विचारून पाहावे.

यंत्राला आमचा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. या दोन शहरांत राहून यंत्राला विरोध करणे म्हणजे आपण बसलेली फांदी तोडणे होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. आजचे ठाणे, आजचे कल्याण आणि विशेषतः डोंबिवली ही त्या गाडीची अपत्ये आहेत. पण ती गाडी आल्यावर येथील लोकांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. कल्याणमध्ये रूळ आल्यावर दहा वर्षांच्या आत, ३ फेब्रुवारी १८६४ रोजी, सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. मुंबईतील त्याच्या भावंडाहून ते पाच वर्षांनी मोठे आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. हा मनुष्य मिठाचा व्यापारी होता आणि जुन्या पोथ्या जमविणे हा त्याचा ध्यास होता. सरकारने त्यांना सांगितले नव्हते. कोणत्याही अभियानात ग्रंथालयासाठी गुण ठेवलेले नव्हते. बाहेरून आलेल्या एका अचाट यंत्राने त्यांचे गाव जगाशी जोडले, आणि मग जोडलेल्या गावाला मन असावे, चार माणसांनी बसून वाचावे, वाद घालावेत, म्हणून त्यांनी पदरमोड करून खोली मिळविली आणि कपाटे भरली. डोंबिवलीतही तेच झाले. स्थानकाभोवती चाळी झाल्या, चाळींत कारकून व शिक्षक आले, त्यांनी शाळा काढल्या, व्याख्यानमाला चालविल्या, नाट्यमंडळे उभारली. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक तेथे राहिले ते काही गावात सोयी होत्या म्हणून नव्हे. २०१० साली ठाण्याने आणि २०१७ साली डोंबिवलीने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले तेव्हा मंडपाचे वासे याच जुन्या संस्थांच्या खांद्यांवर उभे होते.

येथे आजच्या आणि कालच्या यंत्रांतील एक भेद लक्षात घ्यावयास हवा. आगगाडीने माणसाला नेले-आणले. त्याने उतरल्यावर काय करावे हे तिने ठरविले नाही. आजचे यंत्र माणसाकडे पाहते, त्याला मोजते आणि त्याच्याविषयी मत बनविते. नियंत्रण कक्षात बसलेल्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर काय दिसत असेल याची कल्पना करावी. दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर हजारो तरुण-तरुणी नवे कपडे घालून येतात. त्यांना कोणी बोलाविलेले नसते, कार्यक्रमपत्रिका नसते, स्वागताध्यक्ष नसतो. गणेशमंदिरात दर्शन घ्यावयाचे, जुन्या शाळेतील मित्र गाठावयाचे, उभ्या उभ्या दोन तास बोलावयाचे आणि फराळाला घरी जावयाचे, एवढाच तो सोहळा. नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला गेलेली मुलेसुद्धा त्या पहाटेसाठी गाडी पकडतात. कॅमेऱ्याला तेथे फक्त गर्दी दिसेल. वाहतूक अडली आहे, रस्ता दोन तास निरुपयोगी झाला आहे, असे यंत्र सांगेल, आणि ते खोटे नसेल. वाहनांच्या वेगावरून शहराचे आरोग्य मोजावयाचे ठरले की फडके रोडची ती पहाट हा रोग ठरतो. मग एखाद्या वर्षी सुरक्षिततेसाठी अडथळे लागतील, पुढच्या वर्षी तो सोहळा एखाद्या मैदानात हलविण्याची सूचना येईल, आणि मैदानात तो होणार नाही. कारण तो त्या रस्त्याचाच आहे.

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची हकीकतही अशीच. १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली. पुढे ठाण्यात कौपिनेश्वर न्यासाने ती उचलली, गिरगावाने आपलीशी केली आणि आज महाराष्ट्रभर पाडवा रस्त्यावर साजरा होतो. रस्ता रहदारीसाठी आहे हे कोण नाकारील? पण नगररचनाकारांच्या नकाशात रस्त्याला केवळ रुंदी असते, आणि नागरिकांच्या आयुष्यात त्याला तिथीही असते. हे दोन्ही जाणणारा माणूस निर्णयाच्या वेळी बैठकीत हजर असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मात्र फडके रोड आणि तलावपाळी यांच्या कौतुकात आमच्या वाचकवर्गाने, आणि आम्हीही, गुंतून पडू नये. या शहरांची संस्कृती म्हणजे आपल्याच परिचयाच्या चार गोष्टी, असे मानण्याची सवय सुशिक्षित मध्यमवर्गाला सहज जडते. ठाण्याच्या स्थानकाला लागून असलेला चेंदणी कोळीवाडा आगगाडीहून जुना आहे. कल्याणच्या कोकणी मुसलमानांची घरे व मशिदी त्या बंदराच्या भरभराटीच्या साक्षी आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर भयाने घर सोडलेल्यांनी मुंब्रा वाढविले, आणि मुंब्रा हे ठाणे महापालिकेचेच अंग आहे, याची आठवण नौपाड्यात क्वचितच होते. डोंबिवलीभोवतीच्या आगरी गावांची हळदी, जत्रा, गावदेवी ही त्या मातीची मूळ संस्कृती. आपण सारे नंतर आलेलो. आणि विकासाची पहिली झळ लागते ती याच लोकांना. सत्तावीस गावांचे उदाहरण घ्या. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ती आत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली पुन्हा आत घेतली, २०२० साली त्यांतील अठरा पुन्हा बाहेर काढली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चाळीस वर्षांत गावाला चार वेळा सांगण्यात आले की तू शहर आहेस, नाहीस, आहेस, नाहीस. या उलथापालथीत गावकऱ्यांना मोर्चे काढता आले. पण आपल्या गावाचे काय व्हावे हे एका छपराखाली बसून शासनाला सांगता येईल अशी कायम व्यवस्था त्यांना कोणी दिली नाही. ठाण्यात समूह पुनर्विकासाची योजना आली तेव्हा गावठाणे व कोळीवाडे तीतून वगळावेत ही मागणी तेथील रहिवाशांना वारंवार करावी लागली. धोकादायक इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्यास पक्के घर मिळावे याविषयी दुमत नाही. परंतु ज्याचे घर धोकादायक नाही, ज्याच्या दारात होडी आणि जाळे आहे, त्याच्या वस्तीवरही त्याच रंगाची पेन्सिल फिरविली जाते, तेव्हा नकाशा काढणाऱ्याने ती वस्ती पायी हिंडून पाहिली होती का, असे विचारावेसे वाटते.

पायी हिंडण्याचा हा आग्रह नवा नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने शतकापूर्वी हिंदुस्थानातील अनेक शहरांच्या पाहण्या केल्या, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासन प्रथम त्याच्याकडेच आले. आमच्या गो. स. घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात त्याचीच शिफारस होती. गल्लीबोळ पायी हिंडून, लोकांना विचारून, रोगाचे निदान करावे आणि मग जुन्या वस्तीवर शक्य तितकी लहान शस्त्रक्रिया करावी, हे गेडिसचे सांगणे. वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढणाऱ्या तत्कालीन इंजिनियरांना तो नकोसा झाला होता. आपल्या विद्यापीठाच्या मालकीचा म्हणावा असा हा विचार असताना, आपण शहरे ‘स्मार्ट’ करण्यासाठी कोरियाकडे आणि इस्रायलकडे पाहिले. पाहण्यास हरकत नाही, घरातलेही पाहावे.

यंत्रे आणावयाचीच, तर ती जेथे प्राणाशी गाठ आहे तेथे आधी का येत नाहीत, हा आमचा दुसरा प्रश्न आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात मोठा स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, पुन्हा झाला. दोन्ही वेळा कामगार मेले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. रस्त्यापलीकडच्या कारखान्यात कोणते रसायन साठविले आहे, ते हवेत मिसळले तर दार लावून घरात थांबावे की पळावे, कोणत्या दिशेला पळावे, हे अलीकडच्या इमारतीतील गृहिणीला कोणी सांगितलेले नाही. यासाठी नवा कायदा नको. रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६ चे नियम स्थानिक पातळीवर आपत्ती गट असावेत आणि जनतेला माहिती दिली जावी असे सांगतातच. हवेतील विषारी वायू ओळखणारी साधने, भोंगे, प्रत्येक इमारतीत लावलेले मराठी सूचनापत्र आणि वर्षातून दोनदा सराव, एवढ्याला फार मोठी रक्कम लागत नाही. परंतु सिग्नल तोडणाऱ्या दुचाकीचा क्रमांक टिपणारे यंत्र दंड वसूल करून देते. वायू ओळखणारे यंत्र काहीही वसूल करून देत नाही. दुसरे कारण आम्हांस तरी दिसत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. ती शहरविकासाच्या अहवालांत सहसा येत नाही. आमच्या वाचकांपैकी निम्मे तरी रोज सकाळी डब्याच्या दारात उभे राहून मुंबई गाठतात आणि रात्री परततात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसे खाली पडली आणि त्यांतील काही दगावली, तेव्हा दारे बंद होणाऱ्या गाड्यांची चर्चा सुरू झाली. ती व्हावयासच हवी होती. पण जो मनुष्य दिवसातील चार तास असा प्रवासात घालवितो त्याला वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या सभेला येण्याची, मुलाला नाटकाला नेण्याची, प्रभागात चाललेल्या कामाकडे लक्ष ठेवण्याची ताकद कोठून उरावी? १८६४ साली किंवा १८९३ साली ज्यांनी संस्था काढल्या ते सूर्यास्ताला घरी असत. मेट्रोने आणि बोगद्याने या माणसाचा दिवसाकाठी एक तास वाचला, तर तो तास हेच त्या प्रकल्पाचे खरे उत्पन्न होय. तो तास घेऊन उतरणाऱ्याला घराजवळ चालत जाण्याजोगे वाचनालय, बसण्याजोगे पटांगण, परवडणाऱ्या भाड्याचे छोटे सभागृह मिळणार आहे काय? ठाण्याचे गडकरी रंगायतन नूतनीकरणासाठी २०२४ साली बंद झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडले, तेव्हा मासुंदा तलावाकाठी ठाणेकरांनी केलेली दाटी पुरेशी बोलकी होती. पण १९७८ साली ते रंगायतन झाले तेव्हाचे ठाणे आणि २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ४१ हजारांचे ठाणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. घोडबंदर रस्त्यावर मनोऱ्यांची रांग लागली. त्या मनोऱ्यांना तरणतलाव आणि व्यायामशाळा आहेत, त्या कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर सर्वांनी भेटावयाचे कोठे?

ओघात जनगणनेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. प्रत्येक चौकातील वाहने मोजण्याची सिद्धता असलेल्या या शहरांत माणसांची अधिकृत मोजणी २०११ नंतर झालेली नाही. ती आता २०२७ साली व्हावयाची ठरली आहे. तोवर कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार लोक राहतात असे समजून शाळा, पाणी आणि ग्रंथालये यांचे हिशेब चालावयाचे.

आता पुढे काय? स्मार्ट सिटी कंपन्यांची मुदत सरली तरी त्या कंपन्या, त्यांनी केलेले करार आणि उभी केलेली यंत्रणा सरलेली नाही. या कंपन्यांचा पुढे कसा उपयोग करावा याच्या सूचना केंद्राकडून आल्या आहेत. यंत्रे केंद्राच्या पैशांतून आली. त्यांच्या देखभालीचा भार मात्र आता शहराच्या करदात्यावर येणार, आणि यंत्र जुने होण्याचा वेग इमारतीहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून दोन्ही महासभांनी पहिल्याच काही बैठकींत या कंपन्यांचा संपूर्ण हिशेब पटलावर मागावा. किती कॅमेरे लागले, त्यांतील किती चालू आहेत, करार कोणाशी व किती वर्षांचे आहेत, नागरिकांची कोणती माहिती गोळा होते, ती किती काळ ठेवली जाते आणि कोणाच्या हाती पडते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला असला तरी त्यात शासनाला दिलेल्या सवलती उदार आहेत. त्यामुळे पहारा सभागृहानेच ठेवला पाहिजे. कॅनडातील टोरांटोत गुगलच्या भगिनी कंपनीने २०१७ साली समुद्रासारख्या विशाल सरोवराच्या काठी एक आदर्श यांत्रिक वस्ती उभारण्याची घोषणा केली होती. गोळा होणाऱ्या माहितीचा मालक कोण, हा प्रश्न तेथील नागरिकांनी अडीच वर्षे लावून धरला. शेवटी २०२० च्या मे महिन्यात कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन अंग काढून घेतले. याउलट बार्सिलोना शहराने २०१६ साली संगणकाचाच उपयोग करून आपल्या नगरयोजनेवर हजारो नागरिकांच्या सूचना मागविल्या आणि त्यांच्या जोडीला वस्त्यावस्त्यांत सभा घेतल्या. यंत्र तेच. एके ठिकाणी त्याने माणसांवर नजर ठेवावयाची होती, दुसरीकडे त्याने माणसांचे ऐकून घेतले.

आणि ऐकून घेण्याची व्यवस्था आपल्या कायद्यातही आहे. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २००९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक पाऊल पुढे टाकून महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. ती तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच झोपलेली आहे. सर्वच पक्षांनी आलटूनपालटून सत्ता भोगली आणि एकाही पक्षाने तिला जागविले नाही, यावरूनच तिच्यात काहीतरी दम असावा असे आम्ही समजतो. आता तर चार-चार सदस्यांचे प्रभाग झाले आहेत. गटाराचे झाकण कोणत्या नगरसेवकाच्या वाट्याचे, हे चौघांनाही ठाऊक नसते. अशा प्रभागात नागरिकांना सामोरे जाण्याची ठरलेली जागा व ठरलेला दिवस नसेल तर निवडणूक होऊनही प्रशासकीय राजवटच चालू राहिल्यासारखे होईल. राज्य शासनाने क्षेत्रसभांची क्षेत्रे जाहीर करावीत ही मागणी दोन्ही महापालिकांनी ठराव करून पाठवावी. आणि शासनाचे उत्तर येईपर्यंत हात जोडून बसू नये. आपल्या प्रभागातील मतदारांना एकत्र बोलावून रस्ता, तलाव, बाजार अगर कोळीवाडा यांच्यावरील प्रत्येक योजना मराठीत, नकाशासह, त्यांच्यापुढे मांडण्यास नगरसेवकाला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

तक्रारीच्या ॲपने हे काम भागते असे सांगणारे अधिकारी भेटतात. खड्डा बुजवून घेण्यास ॲप उत्तम. पण ॲपवर प्रत्येक नागरिक एकटा असतो. त्याला आपला खड्डा दिसतो, शेजारच्या वस्तीचा दिसत नाही. मुंब्र्याचा आणि नौपाड्याचा, आगरी गावाचा आणि गृहसंकुलाचा मनुष्य एकमेकांसमोर बसून भांडतील तेव्हा दोघांनाही एक शहर दिसू लागेल. तो आवाज सुरुवातीला कर्कश असेल. सभेत गोंधळ होईल, एखादा स्थानिक पुढारी ध्वनिक्षेपक सोडणार नाही, घड्याळाकडे पाहत चाकरमानी उठून जातील. पहिल्या पाच-सहा सभांवरून कोणी निराश होण्याचे कारण नाही.

जागेची अडचण पुढे करण्यात येईल. तिला उत्तर सोपे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय या दोन्ही संस्थांना सभा भरविण्याचा शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे, आणि प्रत्येक प्रभागात रविवारी रिकामी असणारी पालिकेची एखादी शाळा असतेच. वर्गातील बाके लहान मुलांच्या मापाची असतात, मोठ्यांना जरा अवघडून बसावे लागेल. नगरसेवकांनी तारीख जाहीर करावी; आम्ही ती याच पानावर छापू.